आठ जीबीचे कार्ड : कोणाला पुरेल, कोणाला अपुरे पडेल?

ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेम खेळणाऱ्या पोरांचा माल, अशी समजूत आपल्या व्यापारी वर्गात अजून आहे. वस्तुस्थिती आता तशी राहिलेली नाही. लग्नाचे व्हिडिओ जोडणारा स्टुडिओवाला, फर्निचर बनवण्याआधीच ग्राहकाला सजलेली खोली पडद्यावर दाखवणारा कारागीर, दागिन्यांचे नमुने संगणकावर घडवणारा कारखानदार, या सर्वांच्या रोजीशी हे कार्ड जोडले गेले आहे. म्हणून एनव्हीडिया कंपनीने मे २०२५ मध्ये बाजारात आणलेल्या आरटीएक्स ५०६० या मधल्या किमतीच्या कार्डावरून जो वाद झाला, त्याची दखल घेणे आम्हाला जरुरीचे वाटते.

कंपनीच्या बाजूने बोलायचे तर सौदा वरकरणी वाईट नाही. अमेरिकेत किंमत २९९ डॉलर ठेवली होती, २०२३ च्या आरटीएक्स ४०६० एवढीच. तेवढ्याच पैशांत वेग साधारण एक पंचमांशाने वाढला. वीज ११५ ऐवजी १४५ वॅट लागते, तरी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो. जाहिरातीत मात्र वेग कितीतरी पट दाखवला गेला. त्यातली गोम अशी की, कार्ड एक चित्र खरे काढते आणि पुढची तीनपर्यंत चित्रे अंदाजाने भरते. गेममध्ये हे चालून जाते. व्हिडिओ किंवा थ्री-डी रेंडर करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय विक्री सुरू होईपर्यंत बहुतेक स्वतंत्र परीक्षकांच्या हाती लागणारा ड्रायव्हरच दिला गेला नव्हता. माल चोख असेल तर ग्राहकापुढे मांडायला एवढा संकोच का, हा प्रश्न आम्हालाही पडतो.

खरे भांडण आहे ते मेमरीचे. ५०६० वर मेमरी ८ जीबी आहे. २०२१ साली आलेल्या ३०६० वर १२ जीबी होती! मेमरी म्हणजे शिंप्याचे कटिंगचे टेबल समजा. हात कितीही चपळ असला तरी टेबलावर ताग्याची घडी उलगडत नसेल तर काम अडणारच. फोर-के व्हिडिओवर रंगाचे आणि सफाईचे थर चढवू लागलो की डाविंची रिझॉल्व्हसारखे सॉफ्टवेअर मेमरी भरल्याचा इशारा देऊन थांबते. ब्लेंडरमध्ये मोठा देखावा असेल तर तो संथ होतो किंवा उघडतच नाही. कार्डाची मेमरी भरली की उरलेला भार संगणकाच्या रॅमवर जातो, आणि तिथून ये-जा करायला या कार्डाला सोळाऐवजी आठच लेन दिलेल्या आहेत. आपल्या भावांच्या दुकानांत पीसीआय थ्रीचे जुने मदरबोर्ड पुष्कळ आहेत. त्यांच्यावर हा रस्ता आणखी अरुंद होतो.

आमचे मत स्पष्ट आहे. मुलाला फुल एचडी पडद्यावर गेम खेळायचे असतील तर ५०६० पुरेसे आहे. ज्या यंत्रावर पोट आहे, तिथे १२ किंवा १६ जीबीचेच कार्ड घ्यावे. ५०६० टीआय १६ जीबीची मूळ किंमत ४२९ डॉलर होती. एएमडीचे १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये ३४९ डॉलरला आले. परंतु ब्लेंडरच्या कामात एनव्हीडियाचीच कार्डे पुढे असतात. इंटेलचे १२ जीबीचे बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आले, मात्र जुन्या प्रोसेसरसोबत ते मंदावते. आणि ज्यांचे काम कोरेल ड्रॉ, एम्ब्रॉयडरीचे पंचिंग किंवा सीएनसीवर दरवाजाची नक्षी एवढेच आहे, त्यांनी या फंदातच पडू नये. ते काम प्रोसेसर आणि रॅमवर चालते. तिथे पैसे घाला.

आता दोन शब्द विकणाऱ्या भावांसाठी. ५०६० टीआय आणि ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे एकाच नावाने ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत आली. गिऱ्हाईक नाव ऐकून येतो, आकडा विचारत नाही. तो आकडा आपण होऊन सांगणे दुकानदाराचे काम आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही म्हणून विचारले, हा प्रसंग आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? जुन्या कार्डांनाही हेच लागू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डे जगभर विक्रीला निघाली. ३०६० जुने घेणे आजही फायद्याचे ठरू शकते, पण ते मायनिंगचे असेल तर ऐब सांगूनच विकावे. घेणाऱ्यानेही अर्धा तास पूर्ण भार देऊन तापमान आणि पंख्याचा आवाज तपासावा.

नवे कार्ड घेताना पक्के बिल मागावे, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर आणि आपला जीएसटी क्रमांक लिहून घ्यावा. तीस हजारांच्या कार्डात १८ टक्क्यांप्रमाणे सुमारे साडेचार हजार रुपये कर असतो. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला, कार्ड धंद्यासाठीच घेतले असेल तर, त्याचे क्रेडिट मिळते. कंपोझिशनवाल्यांना मात्र ते मिळत नाही.