हिमवर्षावाचा स्लायडर : ‘दिसणं’ आणि ‘परिणाम होणं’ यातला फरक

स्वतंत्र चल, अवलंबी चल, नियंत्रित चल. या व्याख्या आपण नेट-सेटच्या तयारीत पाठ करतो. पण स्वतःचा प्रयोग आखायला बसलं की नेमकं काय बदलायचं आणि काय स्थिर ठेवायचं, इथेच गाडी अडते. म्हणून आज एक स्वस्त प्रयोगशाळा वापरू : घरच्या संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर. उदाहरणासाठी २०२० सालचा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर घेतलाय. विमानतळ वॉशिंग्टनचा नॅशनल. तोच का, ते पुढे येईलच.

हवामानाच्या यादीत ‘स्नो’ नावाचं तयार सेटिंग आहे. एक क्लिक केलं की ढग येतात, बर्फ भुरभुरतो, धावपट्टी पांढरी होते. उडायला मजा येते, पण प्रयोगासाठी हे सेटिंग कुचकामी. कारण त्या एका क्लिकमध्ये बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात. विमान नंतर वेगळं वागलं, तर ते थंडीमुळे, ढगांमुळे की जमिनीवरच्या बर्फामुळे, हे सांगताच येणार नाही. संशोधनात याला कन्फाउंडिंग म्हणतात, म्हणजे कारणांची सरमिसळ.

म्हणून तयार सेटिंग सोडा आणि सगळं हाताने लावा. आता तुमच्या लक्षात येईल की ‘बर्फ पाडा’ असा स्लायडर कुठेच नाही. तापमान वेगळं, ढगांचे थर वेगळे, वृष्टी वेगळी आणि जमिनीवरच्या बर्फाची जाडी वेगळी. ढग आणि वृष्टी तशीच ठेवून तापमान शून्याच्या बरंच खाली नेलं की पावसाचा बर्फ होतो. म्हणजे आकाशातून पडणारा बर्फ हा इथे परिणाम आहे, कारण नाही. जमिनीवरचा बर्फ मात्र तुम्ही थेट ठरवता.

तापमानाबद्दल एक खबरदारी. प्रमाण वातावरणात दर किलोमीटरला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरतं. उंचावरच्या विमानतळावर समुद्रसपाटीचं तापमान लावलं, तर धावपट्टीवर ते वेगळंच असणार. नॅशनल विमानतळ पोटोमॅक नदीच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे. प्रयोगाची जागा नीट निवडली की एक डोकेदुखी आपोआप कमी होते.

आता प्रश्न लहान करू : जमिनीवरच्या बर्फामुळे विमान थांबायला जास्त वेळ लागतो का? सेसना १७२ घ्या. वारा शून्य, हवेचा दाब तोच, इंधन तेवढंच. धावपट्टीवर ६० नॉट्स वेग गाठा, थ्रॉटल बंद करा, पूर्ण ब्रेक लावा आणि थांबेपर्यंतचे सेकंद मोजा. परिस्थिती चार : उणे ५ अंश आणि बर्फ नाही, उणे ५ आणि भरपूर बर्फ, अधिक ५ आणि बर्फ नाही, अधिक ५ आणि भरपूर बर्फ. प्रत्येकीत निदान पाच फेऱ्या. फेऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर सरावाने तुमचा हात सुधारेल आणि त्याचं श्रेय बर्फाला जाईल.

काय उत्तर येईल ते मी सांगत नाही. पण फरक पडला नाही, तर ‘बर्फाचा ब्रेकवर परिणाम होत नाही’ असं लिहू नका. एवढंच लिहा की या प्रारूपात, या सेटिंगमध्ये बर्फाची जाडी चित्र बदलते, पण घर्षणात फरक आढळला नाही. तुमचा निष्कर्ष प्रारूपाबद्दल आहे, बर्फाबद्दल नाही.

हा भेद सिम्युलेटर स्वतःच मान्य करतो. मदतीच्या पर्यायांत ‘आयसिंग इफेक्ट’ बघा. तिथे तीन पर्याय आहेत : ऑफ, व्हिज्युअल ओन्ली आणि ऑन. मधला निवडला की काचेवर, पंखांवर बर्फ साचलेला दिसतो, पण उड्डाणावर परिणाम होत नाही. हे सेटिंग न नोंदवता कोणी ‘सेसना बर्फातही छान उडतं’ असं लिहिलं, तर त्या वाक्याला काय अर्थ उरतो?

आता नॅशनल विमानतळाचं दुसरं कारण. १३ जानेवारी १९८२ रोजी एअर फ्लोरिडाचं ९० क्रमांकाचं उड्डाण इथूनच भर हिमवर्षावात निघालं. बोइंग ७३७ च्या इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा बंद होती. इंजिनाच्या तोंडाशी दाब मोजणारी नळी बर्फाने बुजली. तिथला दाब खरा होता त्यापेक्षा कमी मोजला गेला, म्हणून दाबांचं गुणोत्तर जास्त दिसलं. काट्यावर २.०४, प्रत्यक्षात सुमारे १.७०. इंजिनाचे इतर काटे मात्र कमी जोर दाखवत होते. सहवैमानिकाला हे खटकलं, त्याने ते बोलूनही दाखवलं, तरी उड्डाण थांबलं नाही. पंखांवरही बर्फ होता. विमान पुलावर आदळून नदीत पडलं. पुलावरच्या चौघांसह ७८ जणांचा जीव गेला.

काटा मोडलेला नव्हता. त्याच्यापर्यंत जे पोचत होतं, तेच चुकीचं होतं. आपल्या प्रश्नावल्या, सेन्सर, सॉफ्टवेअर यांचंही असं होऊ शकतं. तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक मोजमापापुढे दोन रकाने आखा. पहिल्यात लिहा, हा आकडा प्रत्यक्षात कशावरून येतो. दुसऱ्यात लिहा, तो खोटा ठरला तर मला कोणत्या दुसऱ्या आकड्यावरून कळेल. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर माहिती गोळा करायला अजून बाहेर पडू नका.