पदवी हातात, अनुभव कुठून आणायचा?

नवरात्रात तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आमची एक माजी विद्यार्थिनी अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात हिशेब लिहिताना दिसली. मराठी घेऊन बी.ए. झालेली, शाळेत निबंधात कायम पहिली. आम्ही विचारले, "बेटा, पेपरातल्या नोकरीचे काय झाले?" ती हसली. "सर, सगळे अनुभव मागतात. तो कोणत्या दुकानात मिळतो?"

मग हळूहळू तिने सांगितले. एका दैनिकाने दोन वर्षांच्या अनुभवाची अट घातली. दुसऱ्याने तालुक्याची बातमीदारी देऊ केली, पण पगार नाही. बातम्या पाठवायच्या, दिवाळी आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या आणि त्यावरचे कमिशन घ्यायचे. पुण्याच्या एका कंपनीने चाचणी म्हणून दहा लेख लिहून घेतले, नंतर फोनच उचलला नाही. एका मुलाखतीत साहेब म्हणाले, "मुस्लिम असून मराठी इतके शुद्ध कसे?" ते कौतुक तिला टोचले.

अशा साहेबांना आपला इतिहास ठाऊक नसावा. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. जवळच्या बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठीतूनच गर्जले. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते सोलापुरात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पण भाषेचा मान वाढला म्हणून लिहिणाऱ्याची चूल पेटतेच असे नाही.

दोष केवळ बाहेरच्यांना देऊन भागणार नाही. शाळेच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन आम्हीच तिच्याकडून चहा आणि शाबासकीवर करून घेतले होते. "लिहीत राहा, पुढे काहीतरी होईल," असे आम्ही म्हणत आलो. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे कधी सांगितले नाही.

आता सांगतो. आपल्या मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही येतात. ही शिदोरी लहान नाही. युनिकोड टंकलेखन, मुद्रितशोधन आणि भाषांतर शिकावे. बालभारती दोन्ही भाषांत पाठ्यपुस्तके काढते, शासनाच्या भाषा संचालनालयात अनुवादकाची पदे असतात. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी. पहिल्या पुस्तकासाठी साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. २०२४ मध्ये राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. अशी संधी आली की कागदपत्रे तयार हवीत. आणि छापून आलेला प्रत्येक मजकूर तारखेसह फाइलमध्ये लावावा.

तिचे अब्बा सगळे ऐकत होते. म्हणाले, "सर, लड़की पढ़ी, अच्छा हुआ. लेकिन कितने दिन रुकना? रिश्ते आ रहे." आम्ही त्यांच्याकडे एक वर्ष मागितले. ते लगेच हो म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरता भरता एवढेच म्हणाले, "ठीक है, अगली नवरात्र तक."

दुसऱ्या दिवशी स्मरणिकेचे राहिलेले मानधन आम्ही पाकिटात घालून दिले आणि मुख्याध्यापकांच्या सहीचे अनुभवपत्रही. रक्कम थोडीच होती. तिने रीतसर पावती लिहिली: 'मुद्रितशोधनाचे मानधन मिळाले.' मग अनुभवपत्र दोनदा वाचून म्हणाली, "सर, 'मुद्रितशोधन'मधली वेलांटी चुकली आहे."

पत्र पुन्हा टाइप करून घेतले.