बाटलीतले फुप्फुस

श्वास घेताना छाती का फुगते, असे तिसरी-चौथीच्या वर्गात विचारून पाहा. ‘हवा आत जाते म्हणून’ हे उत्तर हमखास येते. घडते ते नेमके उलट: आधी छाती फुलते, म्हणून हवा आत येते. पुस्तकातली आकृती हलत नाही, त्यामुळे हा क्रम तिच्यातून उमगत नाही. तो उमगतो घरच्या घरी बनणाऱ्या एका यंत्रातून.

प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्यायची आणि तिचा तळ मोठ्या माणसाने कापून द्यायचा. टोपणाला भोक पाडून त्यातून पेनाची पोकळ नळी ओवायची, नळीच्या आतल्या टोकाला छोटा फुगा दोऱ्याने आवळायचा आणि भोकाभोवतीची फट मेणाने बुजवायची. उघड्या तळावर दुसऱ्या, मोठ्या फुग्याचे रबर ताणून बसवायचे. नळी ही श्वासनलिका, आतला फुगा हे फुप्फुस, बाटली हा छातीचा पिंजरा आणि तळाचे रबर हे श्वासपटल.

आता रबर खाली ओढा. कुणीही फुंकर न मारता आतला फुगा फुगतो! बाटलीतली जागा वाढते, तिथला दाब उतरतो आणि बाहेरची हवा नळीवाटे फुग्यात शिरते. लोहाराचा भाताही असाच हवा ओढतो. कधी फुगा ढिम्म हलत नाही. मग मुले मेणातली फट शोधू लागतात. छाती हवाबंद का असावी लागते, हे त्यांना तेव्हा कळते. छातीला आरपार जखम झाली की फुप्फुस आकसू शकते, ते याच कारणाने.

अशा खेळण्यांची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अरविंद गुप्ता १९७०च्या दशकात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात रमले. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी असंख्य खेळणी घडवली आणि मुलांकडूनही करून घेतली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बाटली सगळेच दाखवत नाही, हेही मुलांना सांगावे. खरे फुप्फुस पोकळ फुगा नसते, त्यात कोट्यवधी वायुकोश असतात. बाटलीच्या भिंती हलत नाहीत, आपल्या बरगड्या मात्र हलतात. म्हणून यंत्र बाजूला ठेवून मुलांना एक हात बरगड्यांवर, एक पोटावर ठेवायला लावावा. श्वासपटल खाली सरकले की पोट पुढे येते, ते हाताला लगेच कळते.

एक पथ्य मात्र पाळावे. रबर ओढण्याआधी ‘काय होईल?’ असे विचारून प्रत्येकाचे उत्तर फळ्यावर लिहावे. आपला अंदाज चुकलेला पाहिला की ‘असे का?’ हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते, आणि शिकवण्याची खरी वेळ तीच असते.