आभार मानायला दिवाळीच कशाला हवी?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या गोठ्यात एक छोटासा विधी होतो. बैलाच्या ज्या खांद्यावर वर्षभर जू बसतं, तो खांदा गरम पाण्याने शेकतात आणि हळद-तूप लावून हलक्या हाताने चोळतात. याला खांदेमळणी म्हणतात. मग बैलाला उद्याच्या जेवणाचं रीतसर आवतण दिलं जातं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे श्रावण अमावास्येला, अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळा आणि पुरणपोळीचा घास. त्या दिवशी जू खाली उतरलेलं असतं. कोल्हापूर-सांगलीकडे असाच सण आषाढात बेंदूर म्हणून होतो.

यातली खांदेमळणी मला फार बोलकी वाटते. आभार मोघम नाहीत. ओझं जिथे बसलं, नेमकं तिथेच तूप लागतं.

आपल्या सणांमध्ये ही गोष्ट ठिकठिकाणी सापडते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते आणि अनेक घरांत त्या दिवशी बायका दूध-तूप खात नाहीत. खंडेनवमीला कारखान्यातलं यंत्र, सुताराची करवत, रिक्षाचं हँडल, अगदी शिवणयंत्रसुद्धा पुसून त्याला झेंडूचं फूल वाहिलं जातं. पितृपक्षात आपल्या आधी होऊन गेलेल्यांची आठवण काढतात. वर्षभर जे गृहीत धरलं, त्याच्याकडे निदान एक दिवस बघायचं, अशी ही व्यवस्था आहे.

शब्द काय सांगतो?

कृतज्ञ म्हणजे ‘कृत’ जाणणारा. आपल्यासाठी काय केलं गेलं हे ज्याला ठाऊक आहे तो. म्हणजे या शब्दात आधी जाणणं आहे, बोलणं नंतर. मराठीत आपण ‘जाण ठेवणे’ म्हणतो ते याच अर्थाने. म्हणूनच कदाचित आपल्या घरांत एकमेकांना ‘आभारी आहे’ म्हणण्याची पद्धत नाही. आईने चहाचा कप हातात दिला आणि आपण ‘धन्यवाद’ म्हटलं, तर ती आधी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल! आभार हे भाषणाच्या शेवटी मानायचे असतात, असा आपला समज. अडचण अशी की, न बोलता ठेवलेली जाण समोरच्यापर्यंत पोहोचतेच असं नाही.

लिहून काढल्याने काय होतं?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासदायक गोष्टी आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या घटना. साधारण दहा आठवड्यांनी पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसला. त्रासाच्या नोंदी करणाऱ्यांपेक्षा ते व्यायामही जास्त करत होते.

मग रोज वही घेऊन बसायचं का? इथे एक गंमत आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा दिसला नाही. रोज तेच तेच लिहिलं की त्याची रांगोळीच्या छाप्यासारखी गत होते. हात फिरतो, लक्ष नसतं. तेव्हा रविवारची दहा मिनिटं पुरेत. पण ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ असं लिहू नका. ‘मंगळवारी पावसात अडकलो तेव्हा शेजारच्या काकांनी मुलीला शाळेतून आणलं’ असं लिहा. माणूस, वार, प्रसंग. खांदेमळणीसारखं नेमकं.

मात्र या अभ्यासांत दिसलेला परिणाम मर्यादित आहे, चमत्काराचा नाही. नैराश्य किंवा चिंतेच्या विकारावर वही हा उपचार होऊ शकत नाही; तिथे डॉक्टरांकडेच जायला हवं.

पत्र लिहायला संकोच का वाटतो?

दुसरा मार्ग पत्राचा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली लोकांना कुणाला तरी आभाराचं पत्र लिहायला सांगितलं आणि पत्र मिळालेल्यांनाही विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, आपले शब्द बरोबर नसतील. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना अपेक्षेपेक्षा खूपच जास्त आनंद झाला होता, अवघडलेपण कमी होतं. शब्द किती नेटके आहेत याची काळजी फक्त लिहिणाऱ्याला होती. तेव्हा शाळेतल्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचं तयार चित्र पाठवण्याऐवजी त्यांनी नेमकं काय केलं होतं ते चार ओळींत लिहा. शुद्धलेखनाच्या चुका त्या काढतील, तो त्यांचा हक्कच आहे.

उपकाराचं ओझं

कृतज्ञतेची एक वाईट बाजूही बोलायला हवी. ‘आम्ही तुझ्यासाठी इतकं केलं, जाण ठेव’ हे वाक्य आपल्याकडे सुनेला, धाकट्या भावाला, नोकरमाणसाला गप्प बसवायला वापरलं जातं. मराठीत त्यासाठी वेगळा शब्दच आहे: मिंधेपण. जाण आतून येते, मिंधेपण लादलं जातं. आणि जिथे मोबदला थकलेला आहे तिथे गोड बोलून भागत नाही. घरकाम करणाऱ्या मावशींना दिवाळीत साडी द्यायची आणि त्या चार दिवस आजारी पडल्या की पगार कापायचा, याला कृतज्ञता म्हणता येणार नाही. भरपगारी सुट्टी हे त्या दिवशी खाली ठेवलेलं जू आहे.

हे मी उंचावरून सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आमच्या इमारतीतला कचरा नेणाऱ्या बाईंसाठी पाकीट तयार केलं. वर नाव लिहायला पेन उघडलं आणि हात थांबला. चार वर्षं रोज सकाळी त्या दारात येत होत्या आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, मग माझं विचारलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं. माझ्या दाराला त्या इतकी वर्षं ‘तिसरा मजला, डावीकडे’ म्हणत होत्या.