पॅरिसचे दोन दिवस आणि अम्मींचा फोन

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही तिघी कोलोनच्या बसथांब्यावर कुडकुडत उभ्या होतो. एक चिपळूणची, एक मालेगावची आणि एक कोल्हापूरची. तिघीही जर्मनीत शिकणाऱ्या. परीक्षा संपल्या होत्या आणि स्वस्त तिकीट मिळाले होते. सुमारे पाचशे किलोमीटरवरचे पॅरिस शनिवार-रविवारमध्ये पाहून सोमवारी सकाळी परत यायचे, असा बेत होता.

बस सुटायला थोडा वेळ असताना कोल्हापूरच्या मैत्रिणीचा फोन वाजला. भारतात पहाटेचे साडेतीन झाले होते. तिच्या अम्मी तहज्जुदसाठी उठल्या होत्या.

"बेटा, तिथे दोन दिवस स्कार्फ नको घालूस. टीव्हीवर काय काय दाखवतात. तुझ्या अब्बूंनाही झोप नाही. अल्लाह नियत पाहतो, तो माफ करील."

ज्या अम्मींनी तिला बारावीत असताना स्कार्फ बांधायला शिकवले, त्याच आज तो काढायला सांगत होत्या. ती गप्प राहिली, मग "बरं अम्मी" म्हणाली. बसमध्ये चढण्यापूर्वी तिने स्कार्फची घडी करून बॅगेत ठेवली, डोक्यावर लोकरीची टोपी ओढली आणि गळ्याभोवती मफलर गुंडाळला. थंडी होतीच. टोपी कोणालाही खटकली नसती. तिला मात्र ती रात्रभर खटकत राहिली.

कायदा काय म्हणतो?

घरी बसलेल्या पालकांच्या मनात फ्रान्सविषयी गोंधळ असतो, म्हणून आधी हे स्पष्ट सांगतो. 2004च्या कायद्याने तिथल्या सरकारी शाळांत विद्यार्थ्यांनी ठळक धार्मिक चिन्हे वापरण्यावर बंदी आणली. स्कार्फही त्यात आला. हा कायदा शाळांपुरता आहे, विद्यापीठांना तो लागू नाही. 2010मध्ये दुसरा कायदा झाला. त्याने सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास मनाई केली, म्हणजे नकाब चालत नाही. पण चेहरा उघडा ठेवून डोक्यावर स्कार्फ बांधून रस्त्यावर, मेट्रोत किंवा संग्रहालयात फिरायला बंदी नाही. हे आम्ही तिघींनी निघण्यापूर्वीच वाचले होते. पण कायदा वाचून डोके समजते, आईचे काळीज समजत नाही.

मस्जिदीच्या अंगणात

शनिवारी सकाळी आयफेल टॉवर पाहिला. 1889च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला हा लोखंडी मनोरा आज 330 मीटर उंच आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या चढून जाता येते, पण रात्रभर बसमध्ये अवघडलेल्या पायांनी नकार दिला. आम्ही खालीच बाकावर बसून सोबत आणलेले थेपले आणि लोणचे खाल्ले.

दुपारी सात नंबरच्या मेट्रोने 'प्लास मोंज' स्थानकावर उतरलो. तिथून थोड्याच अंतरावर पॅरिसची मोठी मस्जिद आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढताना हजारो मुस्लिम सैनिक मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ ही मस्जिद उभारण्यात आली आणि 15 जुलै 1926 रोजी तिचे उद्घाटन झाले. 33 मीटर उंचीचा चौकोनी मिनार, हिरव्या-निळ्या फरशीची नक्षी आणि मध्ये बाग. बांधणी मोरोक्को आणि जुन्या अंदलुसच्या धर्तीची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नाझींनी पॅरिस घेतले, तेव्हा या मस्जिदीने काही ज्यू लोकांना आसरा दिल्याचे सांगितले जाते. संख्येबाबत इतिहासकारांचे एकमत नाही. पण त्या काळात एका जिवाला आसरा देणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती.

वुजू करताना कोल्हापूरच्या मैत्रिणीने टोपी काढली आणि बॅगेतून स्कार्फ काढून बांधला. जुहरची जमात उभी राहिली. चिपळूणची मैत्रीण शाफई, आम्ही दोघी हनफी आणि शेजारी उभ्या असलेल्या अल्जीरियाच्या बहुतेक बायका मालिकी. त्यांचे हात नमाजीत खाली सोडलेले होते. आमच्या गावात असे कोणी उभे राहिले असते तर लोकांनी नंतर हटकले असते. इथे कोणी कोणाकडे पाहत नव्हते. आम्ही मुसाफिर होतो, पण मुकीम इमामाच्या मागे असल्यामुळे चारही रकात अदा केल्या.

सलाम फिरवल्यावर शेजारच्या वृद्ध बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारले, "कुठून आलात?" इंडिया म्हटल्यावर त्यांनी आमच्या तिघींच्या गालांवरून हात फिरवला आणि अरबीत लांबलचक दुआ दिली. "आमीन" एवढेच आम्हाला म्हणता आले.

बाहेर पडताना मैत्रीण थांबली. एका हातात टोपी होती, डोक्यावर स्कार्फ. "मी अम्मींना बरं म्हटलंय," ती म्हणाली. आम्ही दोघी काही बोललो नाही. हा निर्णय आमचा नव्हता. तिने टोपी बॅगेत टाकली.

त्यानंतर काय झाले? खरे ते सांगतो. जवळच असलेल्या अरब जगत संस्थेकडे चालत जाताना एक माणूस आमच्याकडे पाहून काहीतरी पुटपुटला. शब्द कळले नाहीत, सूर कळला. तासाभराने मेट्रोत एका फ्रेंच आजींनी तिच्या खांद्यावर हळूच थोपटले आणि पाठीवरची बॅग पुढे घ्यायची खूण केली. बॅगेची चेन अर्धी उघडी होती! पासपोर्ट आणि जर्मनीचे निवास कार्ड त्यातच होते. एकाच शहराने एका दुपारी दोन्ही चेहरे दाखवले.

बडोद्याची नात

रविवारी सकाळी पर्यटक सहसा जात नाहीत अशा ठिकाणी गेलो. पॅरिसला लागूनच सुरेन नावाचे उपनगर आहे. तिथे 'फजल मंजिल' नावाचे घर आहे. बडोद्यात 1882 साली जन्मलेले गायक आणि सूफी हजरत इनायत खान या घरात आपल्या कुटुंबासह राहत. त्यांचे आजोबा मौलाबख्श हे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या पदरी होते आणि बडोद्याची संगीतशाळा त्यांनीच सुरू केली. इनायत खान यांची थोरली मुलगी नूर. ती सोरबोनमध्ये बालमानसशास्त्र शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहायची, वीणा वाजवायची. स्वभावाने अगदी बुजरी.

1940मध्ये नाझी आले आणि हे कुटुंब इंग्लंडला गेले. पण जून 1943मध्ये नूर गुप्त वायरलेस चालवण्यासाठी परत पॅरिसला आली. व्यापलेल्या फ्रान्समध्ये या कामावर पाठवलेली ती पहिली स्त्री. सोबतचे लोक एकामागून एक पकडले गेले, परत येण्याची संधी मिळाली, तरी ती थांबली. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली, पण तिने साथीदारांची नावे सांगितली नाहीत. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला ठार करण्यात आले. वय 30. ब्रिटनने तिला 1949मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला.

आम्ही त्या घरासमोर उभ्या राहून फातिहा पढली. मालेगावची मैत्रीण म्हणाली, "हिची अम्मी पण 'जाऊ नको' म्हणाली असेल ना?" कोणी उत्तर दिले नाही. नूरची हिंमत आणि आपली दोन दिवसांची सहल यांची तुलना होऊ शकत नाही, हे आम्हाला कळत होते. पण भीती वाटणे आणि भीतीने वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तिथे उमगले.

दुपारी लूव्र पाहिले. युरोपात राहणाऱ्या 26 वर्षांखालील मुलांना तिथे प्रवेश मोफत आहे, निवास कार्ड दाखवावे लागते. या संग्रहालयाच्या इस्लामी कलेच्या संग्रहात ममलूक काळातले एक पितळी घंगाळ आहे. सोन्या-चांदीचे जडावकाम केलेल्या या भांड्यावर कारागीर मुहम्मद इब्न अल-जैन याने सहा ठिकाणी आपले नाव कोरले आहे. याच भांड्यात पुढे फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा बाप्तिस्मा झाला. राजघराण्याला त्या नावाची अडचण वाटली नव्हती!

परत फोन

रात्री बसची वाट पाहताना मैत्रिणीने स्वतःहून घरी व्हिडिओ कॉल लावला. मध्यरात्र उलटून गेली होती, तरी अम्मी जाग्याच होत्या. स्कार्फ त्यांना दिसत होता.

"अम्मी, मी काल दुपारपासून घातलाय. तुमचं ऐकलं नाही. माफ करा. पण खोटं नाही बोलणार."

बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग त्यांनी विचारले, "कोणी काही बोललं?"

"एक जण बोलला. आणि एका आजींनी माझा पासपोर्ट वाचवला."

अम्मींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जेवलीस का?"

आई-वडिलांनो, परदेशात शिकणाऱ्या मुलामुलींची काळजी जरूर करा. त्यांना सांगा की कागदपत्रे अंगाजवळ ठेवावीत, त्यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात, रात्री एकटे फिरू नये आणि जाण्यापूर्वी त्या देशाचा कायदा वाचावा. टीव्हीवरच्या बातमीपेक्षा मुलांचे म्हणणे आधी ऐका. आणि मुलांनो, घरी खरे सांगा. खरे ऐकण्याची हिंमत आपल्या आयांमध्ये आपल्याला वाटते त्याहून जास्त असते.

अल्लाह सर्व मुसाफिरांना सुखरूप घरी पोहोचवो आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांच्या मनाला सुकून देवो. आमीन.