राळेतल्या ठिपक्याला नाव देताना

तलासरी तालुक्यातल्या उधव्याच्या पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला हा लाव्हा. उकळत्या रसात झाडाची राळ टिकत नाही, तेव्हा इथे अंबर, म्हणजे राळेचा जीवाश्म, शोधण्यात अर्थ नाही. पण हाच पाषाण उत्तरेला गुजरातेत जातो आणि सुरतेपलीकडे, वस्तान आणि तडकेश्वर इथल्या खाणींत, खोल तळाशी दडतो. त्याच्यावर पुढे गाळाचे थर साचले, दलदलीतली झाडं त्यांत गाडली गेली आणि त्यांचा लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, झाला. त्या लिग्नाइटमध्ये पिवळे-तांबूस खडे मिळतात. राळेचे हे खडे पाच ते साडेपाच कोटी वर्षांचे आहेत. शास्त्रज्ञ त्यांना खंबातचं अंबर म्हणतात.

२०१० साली जर्मनीचे येस रुस्ट, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंग, गढवालचे राजेंद्र राणा, न्यूयॉर्कचे डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अंबरावरचा पहिला मोठा निबंध प्रसिद्ध केला. सुमारे १५० किलो खडे तपासून त्यांतून ७०० हून अधिक कीटक, कोळी आणि त्यांचे भाऊबंद हाती लागले होते. भारत तेव्हा बेटासारखा एकटा वाहत आला, म्हणजे इथले कीटक जगावेगळे असणार, असा अनेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कित्येकांची नाती आशिया, युरोप, अगदी दक्षिण अमेरिकेपर्यंत निघाली. पुढच्याच वर्षी याच अंबरातल्या वाळव्यांचा अभ्यास आला. आपल्याकडे माळावर वारुळं उभारणारी वाळवी ज्या कुळातली, त्या कुळाचा तोवरचा सर्वांत जुना पुरावा त्यात सापडला. तीळभर किड्याला नेमकं नाव मिळालं आणि एका अख्ख्या कुळाचं वय पुढे आलं.

हे नाव ठरतं कसं? माझ्या मते या विद्येची खरी सुरुवात किड्यापासून होतच नाही, ती राळेपासून होते. ठिपका कशात अडकला आहे हे कळल्याशिवाय तो ठिपका कोण, हे विचारणं घाईचं. डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही, एवढं जंगलात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं; पण राळ कोणत्या झाडाची, हे डोळ्यांना दिसत नाही. इथे महाराष्ट्राचं काम येतं. पवईच्या आयआयटीत सूर्येंदू दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या जुन्या राळांचं रसायन तपासलं. राळेचा कण हवेविना झटक्यात तापवतात, त्याचे तुकडे वायुरूपात लांब, बारीक नळीतून सोडतात आणि प्रत्येक तुकड्याचं वजन यंत्राने मोजतात. खंबातच्या खड्यांत कॅडिनीन नावाच्या रेणूंच्या साखळ्या मिळाल्या. अशी राळ देणारी झाडं म्हणजे सालवृक्षाचं कूळ, डिप्टेरोकार्प. त्याआधी आशियातल्या या जंगलांचा पुरावा याच्या जवळपास निम्म्या वयाचा होता. या झाडांनी भारतातूनच पुढे आग्नेय आशिया गाठला, असं दत्तांच्या गटाने २०११ मध्ये मांडलं. २०२२ मध्ये माही बन्सल आणि सहकाऱ्यांनी परागकणांच्या आधारे त्यांचा माग आणखी मागे, आफ्रिकेपर्यंत नेला.

आता ठिपका. खडा पाण्याखाली बारीक पॉलिश कागदावर घासून त्याला सपाट खिडकी करतात. खंबातचं अंबर ठिसूळ, म्हणून आधी ते इपॉक्सीत बसवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली शंका सुरू होतात. चमकदार गोळा म्हणजे बहुतेक वेळा हवेचा बुडबुडा. फांद्यांसारखे तंतू बुरशीचे असतील, पण ते राळ ओली असताना अडकले की नंतर बाहेरून आत वाढत गेले? अमिबा वाटलेले सूक्ष्म आकार झाडाच्या रसाचे थेंब निघाल्याचीही उदाहरणं आहेत. सहा कडांचे इवले दाणे दिसले तर बी समजू नये: कोरड्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा अशीच असते. किडा एकही नाही आणि तरी त्याची हजेरी लागलेली, हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

खंबातच्या अंबराची आणखी एक खासियत. बाल्टिकच्या अंबरातले रेणू एकमेकांत इतके घट्ट विणलेले असतात की ते विरघळवून आतला किडा बाहेर काढता येत नाही. खंबातची राळ अर्धवटच विणली गेली, त्यामुळे ती योग्य द्रावकात विरघळते आणि पाच कोटी वर्षांचा कीटक अख्खा बाहेर काढता येतो, सर्व बाजूंनी पाहता येतो. बाकी ठिकाणी हे काम मायक्रो-सीटी किंवा सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांवर सोपवावं लागतं.

आणि तरीही चुका होतात. मार्च २०२० मध्ये म्यानमारच्या ९.९ कोटी वर्षांच्या अंबरातली दीड सेंटिमीटरची कवटी 'नेचर'च्या मुखपृष्ठावर झळकली: हमिंगबर्डएवढा डायनोसॉर, नाव ओक्युलुडेंटाव्हिस. जुलैत निबंध मागे घेतला गेला. तशाच दुसऱ्या नमुन्याने घोळ उलगडला. तो सरडा होता. दात खोबणीत नव्हते, थेट जबड्याच्या हाडाला चिकटले होते, आणि चोच वाटणारा भाग राळेत दबून लांबट झाला होता. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधली माशी तर त्याहून बोलकी. एकोणिसाव्या शतकापासून ती बाल्टिक अंबरातली म्हणून मानली गेली. विली हेनिग यांच्यासारख्या थोर कीटकशास्त्रज्ञानेही १९६६ मध्ये तिचा अभ्यास केला. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस यांना खड्यातली फट दिसली. कुणीतरी अंबर कापून, पोखरून, आजची माशी आत बसवून ते पुन्हा चिकटवलं होतं.

हेनिग यांचं माशांचं ज्ञान अपुरं नव्हतं. खड्यावर कुणाला शंका आली नाही, इतकंच. घासल्यावर कागदाचा कपटा उचलला की अंबर खरं, ही समजूत आजही आहे. प्लास्टिकही कपटा उचलतं. अवरक्त किरणांची तपासणी रसायन सांगते, जोड मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच शोधावा लागतो. अंबरातून डीएनए मिळाल्याचे १९९० च्या दशकातले दावेही पुन्हा कुणाला सिद्ध करता आले नाहीत.

सुरतेकडचा लिग्नाइट वीज करण्यासाठी काढतात. वेचून न घेतलेला राळेचा खडा कोळशाबरोबर बॉयलरमध्ये जळतो, आतल्या किड्यासकट. म्हणून खाणीत थर उघडा पडतो त्या वेळी तिथे अभ्यासक हवा. खडा कोणत्या थरातून, किती खोलीवरून आला, शेजारी कोणती पानं किंवा शिंपले होते, ही नोंद खड्यासोबत संग्रहालयात जायला हवी. थराची चिठ्ठी नसलेला, बाजारातून फिरून आलेला सुंदर खडा माझ्या लेखी त्या नोंदलेल्या गढूळ, फुटक्या खड्याच्या पासंगालाही पुरत नाही.