मागे बसणारीला आधी कळतं

मैत्रिणींनो, गाडी नवऱ्याची आणि मागची सीट बायकोची, हे चित्र आपल्या लहान गावांत अजूनही घरोघरी दिसतं. आता मुली स्कूटीवर भुर्रकन जातात, शाळेतल्या बाई, नर्सताई स्वतःची गाडी चालवतात, हे खरं. पण सणाला माहेरी जायचं असो, लग्न असो की दवाखाना, आपण मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसतो. मांडीवर पिशवी, मध्ये एखादं लेकरू. आणि ती मोटारसायकलही बहुतेक वेळा कुणाकडून तरी घेतलेली, दहा-पंधरा वर्षं जुनी.

अशा गाडीचं एक दुखणं मागे बसणारीला चालवणाऱ्याच्या आधी कळतं. मागच्या चाकाची बेअरिंग जायला लागली की आवाज तिच्या सीटखालून येतो. चालवणाऱ्याच्या कानावर हेल्मेट, समोरून वारा आणि खाली इंजिनचा आवाज. त्याला तो उशिरा ऐकू येतो.

बेअरिंग म्हणजे काय, ते आधी सांगते. चाकाच्या मधोमध ड्रम असतो. त्यातून एक लोखंडी दांडा जातो, त्याला एक्सल म्हणतात. दांडा जागेवर घट्ट आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. दोघांच्या मध्ये पोलादाच्या दोन कड्या आणि त्या कड्यांमध्ये छोट्या गोळ्या बसवलेल्या असतात. त्या गोळ्यांवरून चाक अलगद गडगडत जातं. आत ग्रीस भरलेलं असतं. आपले आजोबा बैलगाडीच्या चाकाला वंगण घालायचे ना, काम तेच. बेअरिंगला मात्र रोज वंगण घालावं लागत नाही. बहुतेक बेअरिंगा ग्रीस भरून, वर रबराचं किंवा पत्र्याचं झाकण लावूनच येतात.

घरातल्या छताच्या पंख्यातही अशीच बेअरिंग असते. पंखा जुना झाला की घर्रर्र करतो आणि बटण बंद केलं तरी थांबेपर्यंत घुरघुरत राहतो, तो हाच आवाज. वॉशिंग मशीन कपडे पिळताना एकाएकी गर्जायला लागलं, तर तिथंही पुष्कळदा बेअरिंगच असते. म्हणजे हा आवाज आपल्या घरात, आपल्या ओळखीचा आहे.

आमची गाडी 2008 सालची, शंभर सीसीची, दोन हात फिरून आलेली. 2023 मध्ये पंधरा वर्षं झाली म्हणून आरटीओत तपासणी करून पुन्हा नोंदणी केली. त्याच वर्षी भाऊबीजेला आम्ही नांदेडहून लातूरला, माझ्या माहेरी निघालो. सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा रस्ता. लोहा मागे पडलं आणि मला खालून बारीक घर्रर्र ऐकू यायला लागलं. गाडी जोरात गेली की वाढायचं, हळू झाली की कमी. पाय ठेवायच्या पट्टीतूनही मुंग्या आल्यासारखं जाणवायचं.

"अहो, मागून आवाज येतोय."

"टायर नवीन आहे, त्याचा असेल. तुला बी कशाचाही आवाज येतो!"

माळाकोळीपर्यंत मी गप्प बसले. आवाज काही गप्प बसेना. मग म्हणलं, "क्लच दाबून गाडी जराशी तशीच जाऊ द्या बरं." रस्ता मोकळा होता, त्यांनी क्लच दाबला. इंजिनचा आवाज एकदम खाली आला, घरघर मात्र तशीच. पंख्याचं बटण बंद केल्यावर होतं, अगदी तसं. आता त्यांनाही ऐकू आलं. मग गाडी हळूहळू नेत अहमदपूरला गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्या चाचांनी गाडी डबल स्टँडवर घेतली, मागचं चाक वरून धरून आडवं हलवलं. खट-खट! चाक बोटभर नव्हे, पण डोळ्यांना दिसेल इतकं हलत होतं. एक्सल काढून चाक उघडलं तर एका बाजूच्या बेअरिंगमधलं ग्रीस तांबडं झालेलं, गोळ्या गंजलेल्या, गोळ्यांना जागेवर धरणारी जाळी एका ठिकाणी तुटलेली. "भाभी, बेरिंग तो गया, लेकिन ड्रम बच गया. और पचास किलोमीटर चलाते तो ड्रम भी जाता," चाचा म्हणाले. दोन बेअरिंगा, एक ऑइल सील आणि मजुरी. पाचशेची नोट दिली, थोडे पैसे परत आले. तासाभरात आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो आणि दिवेलागणीच्या आत लातूरला पोचलो.

ड्रम वाचला, याचा अर्थ काय? बेअरिंग खराब झाली की आतल्या गोळ्या अडकायला लागतात. मग जी बाहेरची कडी ड्रममध्ये घट्ट बसायला हवी, ती ड्रममध्येच फिरू लागते आणि आपलं घर पोखरते. घर मोठं झालं की नवी बेअरिंगही त्यात सैल बसते. मग ड्रमच बदलायचा. शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी हजारांत खर्च जातो. पैशाचं सोडा, चाक डुगडुगायला लागलं की वळणावर गाडी मागून झोके घेते, ब्रेक नीट लागत नाही, चेन एका बाजूला ओढली जाते. बेअरिंग पुरती फुटली तर चाक अडकूही शकतं. एका बाजूला बसलेल्या बाईला अशा वेळी स्वतःला सावरायलाही जागा नसते.

बेअरिंग जाते कशानं? वय हे एक कारण. पण आपल्या भागात पाणी आणि चिखल ही मोठी कारणं. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली, काळ्या मातीचा चिखल ड्रमला थापला गेला, की झिजलेल्या सीलमधून पाणी आत शिरतं. ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो. वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याचा फवारा थेट चाकाच्या मध्यावर धरतात, त्यानंही तेच होतं. "दादा, मधल्या भागावर लांबून पाणी मारा" एवढं सांगितलं तरी पुरे. चेन फार ताणून बांधली तर मागच्या बेअरिंगवर सारखा ताण येतो. तीन माणसं आणि वर सोयाबीनचं पोतं, हे ओझंही शेवटी त्या गोळ्यांनाच पेलायचं असतं.

माती आणि बेअरिंग यांचं नातं तसं जुनंच. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचे इंजिनिअर होते. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती सरकायची, की यंत्रं फिरवणारे लांब दांडे वाकडे व्हायचे आणि बेअरिंगा वरचेवर खराब व्हायच्या. काळ्या मातीत घर बांधून भिंतीला तडे गेलेले पाहिलेत ना, तसंच. दांडा थोडा वाकडा झाला तरी सांभाळून घेईल अशी बेअरिंग त्यांनी शोधून काढली आणि 1907 मध्ये एसकेएफ कंपनी सुरू झाली. पुढे याच कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चिंचवडला आला.

आता दोन मिनिटांची तपासणी सांगते. अंगणात कुणालाही करता येते. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, सपाट जागेवर डबल स्टँडवर. पदर, ओढणी खोचून घ्या. मागचं टायर वरून दोन्ही हातांनी धरा आणि आपल्याकडे, मग पलीकडे असं आडवं हलवा. चांगलं चाक गच्च असतं. खट-खट लागलं तर बेअरिंगचा संशय घ्या. मग चाक हातानं हळू फिरवा. बोटं चेन आणि तारांपासून लांब ठेवा. ब्रेकचा हलका सर-सर आवाज चालतो; वाळू चावल्यासारखी कर-कर किंवा अडखळत फिरणं चालत नाही. पुढच्या चाकासाठी दुसऱ्या कुणाला गाडीचा मागचा भाग दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. मग तेच करायचं.

आवाजातला फरकही ध्यानात ठेवा. चेन सैल किंवा कोरडी असेल तर ठेक्यात कट-कट होतं. ब्रेक लावल्यावरच चिरकतं, तर लायनर बघा. इंजिनचा आवाज एक्सलेटर पिळला की बदलतो. बेअरिंगची घरघर मात्र चाकाच्या वेगाबरोबर कमी-जास्त होते, क्लच दाबला तरी राहते.

गॅरेजात गेल्यावर चार गोष्टी विचारा, लाजू नका. एक, चाकाच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगा सोबतच बदलायच्या. एक गेली म्हणजे दुसरीनंही तेवढंच पाणी प्यालेलं असतं. काही गाड्यांत मागे चेन-स्पॉकेटच्या बाजूला आणखी एक असते, तीही बघायला सांगा. दोन, ऑइल सील नवं टाकायचं. ते वाचवून काही मिळत नाही. तीन, दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते, तिला स्पेसर म्हणतात. ती परत बसलीच पाहिजे. ती राहून गेली तर नट आवळल्यावर बेअरिंग दाबली जाते आणि नवीकोरी महिनाभरात जाते. चार, बेअरिंग ठोकून बसवताना मार बाहेरच्या कडीवरच सारखा बसला पाहिजे. आतल्या कडीवर हातोडी बसली तर गोळ्यांच्या रस्त्यावर खड्डे पडतात. काम झाल्यावर जुनी बेअरिंग मागून घ्या, हातात फिरवून बघा. काय बिघडलं होतं ते बोटांनाच कळेल.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ 6301. याचं आतलं भोक 12 मिलिमीटर, बाहेरचा घेर म्हणजे व्यास 37 आणि जाडी 12. 6202 चं भोक 15 मिलिमीटर. जुन्या बेअरिंगचा नंबर आणि नव्याचा नंबर एकच आहे ना, एवढं बघितलं तरी दुकानदार समजून जातो, की या बाईला कळतं. खोकं सीलबंद घ्या, बिल घ्या.

या तपासणीचा दुसऱ्यांदा उपयोग झाला तो लातूरलाच. भाच्याला औशाला नोकरी लागली, रोजचं जाणं-येणं. भावानं एक जुनी गाडी ठरवत आणली होती. रंग झकास, सीट नवी, आरसे चकचकीत. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही बघा बरं." मी आणि वहिनीनं गाडी डबल स्टँडवर घेतली. मागचं चाक गच्च होतं, पुढचं खट-खट करत होतं. विकणारा म्हणाला, "जुनी गाडी आहे ताई, एवढं चालतंच." वहिनीनं शांतपणे सांगितलं, "मग बेअरिंग बदलून द्या, नाहीतर तेवढे पैसे कमी करा." त्यानं पैसे कमी केले आणि आम्ही त्याच दिवशी बेअरिंगा बदलून घेतल्या. साडी गार्डही काढून टाकलेलं होतं, ते बसवून घेतलं. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाक झाकणारं असं साधन आणि धरायला कडी असावी, असं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलेलं आहे. जुनी गाडी घेताना कागदपत्रं, नाव बदलायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म आणि विमा तर बघाच, पण चाकंही हलवून बघा.

वाटेत आवाज सुरू झालाच तर वेग कमी करून कडेला थांबा. आधी तुम्ही आणि लेकरू उतरा, ओझं उतरवा. ड्रमजवळ हात नेऊन बघा. नुसतीच धग लागत असेल तर हात लावू नका. चाक खट-खट हलत असेल, अडखळत असेल किंवा मागून झोके जात असतील, तर गाडी पुढे चालवायचीच नाही. टेम्पोत टाका किंवा मेकॅनिकला तिथं बोलवा. फक्त घरघर असेल, तर चालवणाऱ्यानं एकट्यानं हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी, तुम्ही बस किंवा ऑटो धरा. आणि हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं, कायद्यानंही आणि डोक्यासाठीही.

आमच्या घरी आता हवा भरायला जायच्या आधी, महिन्यातून एकदा, दोन्ही चाकं हलवून बघायची रीत पडली आहे. कधी मी बघते, कधी लेक. मागच्या पावसाळ्यानंतर लेकीलाच पुढच्या चाकात खट-खट लागलं. तिच्या बाबांनी स्वतः एकदा हलवून पाहिलं आणि दुसरं काही न बोलता गाडी गॅरेजला नेली. तुम्हीही येत्या रविवारी चहा झाला की एकदा बघा. आणि गाडीवर बसल्यावर आवाज आला तर "थांबवा" म्हणा. एकदा म्हणून ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा म्हणा.